भूगोलाच्या तासाला अन्नसुरक्षा: पिकांच्या नकाशावरून ताटापर्यंत कसे जावे?

कृष्णमृत्तिका (धागाकर्ती)

नमस्कार. मी सोलापूर शहरातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला भूगोल शिकवते. येत्या सत्रात अन्नसुरक्षेवर काही तासांचा प्रकल्प घ्यायचे आमच्याकडे ठरले आहे. त्याची आखणी करताना जे सुचले ते सविस्तर मांडून मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर या भागातल्या शिक्षकांचे आणि शेतकऱ्यांचे मत घ्यावे, या हेतूने हा धागा काढत आहे.

भूगोलाच्या वर्गात अन्नसुरक्षेचा विषय निघाला की आपण लगेच उत्पादनाकडे वळतो. गहू कोणत्या राज्यात, तांदूळ कोणत्या राज्यात, हरितक्रांतीने काय झाले, एवढे सांगून नकाशा भरून घेतला की पाठ संपतो. त्यामुळे धान्य भरपूर पिकले की उपासमार संपते, हे समीकरण मुलांच्या मनात पक्के बसते. देशाचे अन्नधान्य उत्पादन २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टनांच्या पुढे गेले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि शेतीत व उद्योगात पुढे असलेल्या आपल्या महाराष्ट्राचा आकडाही त्याच्या जवळपासच, ३५.२ टक्के आहे. या दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या आहेत. एकीकडून दुसरीकडे जाणारी वाट जमीन, पाणी, वाहतूक, बाजार, स्थलांतर आणि वस्ती यांतूनच जाते, म्हणून ती उलगडून दाखवणे हे भूगोलाचेच काम आहे, असे मला ठामपणे वाटते.

१९७४ सालच्या जागतिक अन्न परिषदेत अन्नसुरक्षेचा विचार मुख्यतः साठे आणि पुरवठा यांच्या अंगाने झाला होता. १९९६ साली रोमच्या जागतिक अन्न शिखर परिषदेने मांडलेली व्याख्या त्याच्या बरीच पुढे गेली: सर्व माणसांना, सर्व काळ, सक्रिय आणि निरोगी जीवनासाठी पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवणे प्रत्यक्षात आणि आर्थिकदृष्ट्याही शक्य असले पाहिजे. यातूनच पुढे उपलब्धता, पोहोच, उपयोग आणि स्थैर्य ही चार अंगे रूढ झाली. आपण शिकवतो ते बहुतांशी पहिले अंग. इतर तीन अंगे परीक्षेपुरती पाठ करून घेतली जातात आणि मुलांच्या जगण्याशी त्यांचा संबंध लागत नाही.

तो संबंध लावायला आपल्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा येथल्या बहुतेक मुलांनी घरीच ऐकलेली असते. दुष्काळात सरकारी कोठार भरलेले होते आणि कोठाराबाहेर माणसे उपाशी होती. दामाजींनी कोठार खुले केले आणि त्या धान्याची किंमत विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारी भरली, अशी ती परंपरेने चालत आलेली कथा आहे. तिच्यातला भक्तिभाव आपल्या जागी राहू द्यावा आणि भूगोलाच्या तासाला एवढेच विचारावे, की धान्य गावातच होते तर माणसे उपाशी का होती, आणि एवढे मोठे कोठार मंगळवेढ्यालाच का होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या खोल काळ्या जमिनीत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ‘पोहोच’ ही संकल्पना मुलांच्या हाती व्याख्येशिवाय लागते.

हाच प्रश्न घेऊन १९४३ च्या बंगालकडे जाता येते. त्या दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडली. तरी त्या वर्षीचा धान्यपुरवठा १९४१ पेक्षा अधिकच होता, असे अमर्त्य सेन यांनी आकडेवारीने दाखवले. भाव भडकले आणि शेतमजूर, मच्छीमार, गावातले कारागीर यांच्या मजुरीत धान्य येईनासे झाले. त्याच्या शेजारी १९७२ चा आपला दुष्काळ ठेवावा. तेव्हा राज्यातले पीक खरोखरच बुडाले होते. परंतु दुष्काळी कामे निघाली, मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक त्या कामांवर होते, हातात मजुरी आली, आणि हाल अतोनात होऊनही बंगालसारखी मनुष्यहानी टळली. या अनुभवातून आणि विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खडी फोडलेले, पाझर तलावावर माती वाहिलेले, सुकडी (दुष्काळी कामांवर मिळणारा कोरडा पौष्टिक आहार) आणि लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्लेले आजी-आजोबा आजही आपल्या मुलांच्या घरी आहेत. त्यांच्याशी बोलून येण्याचा स्वाध्याय मला या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, आणि तो लवकर केला पाहिजे, कारण ही पिढी आता थकली आहे.

वर्गातल्या कामासाठी मी दोन हिशेब तयार केले आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. पाच माणसांचे घर धरले तर महिन्याला २५ किलो, म्हणजे माणशी रोज साधारण १६७ ग्रॅम. धान्याच्या १०० ग्रॅमला सुमारे ३४५ किलोकॅलरी धरल्या, तर हे पावणेसहाशेच्या आसपास जाते. मध्यम श्रम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज सुमारे २१३० किलोकॅलरी मानली जाते. उरलेले कुठून येते, तेल, डाळ, भाजी, दूध यांना किती पैसे पडतात, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ताटातून आधी काय कमी होते, हे मुलांनी शोधायचे.

दुसरा हिशेब पाण्याचा. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. उसाला हंगामाप्रमाणे १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. २००० मिलिमीटर धरले तर एका हेक्टरला २०,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी लिटर होते. ज्वारीला ४५० मिलिमीटर धरले तर तोच आकडा ४५ लाख लिटरवर येतो, आणि आपली रब्बी ज्वारी त्यातले बहुतेक पाणी जमिनीत मुरलेल्या ओलीतूनच घेते. मग ज्वारीच्या या मुलखात एवढा ऊस कसा उभा राहिला, हा प्रश्न मुलांनी स्वतःच विचारावा अशी माझी इच्छा आहे.

जाणकारांनी यात भर घालावी. काय गाळावे तेही सांगावे.

कोरडवाहू

बाई, आखणी आवडली. मी मंगळवेढा तालुक्यातला, घरची जमीन काळी आणि पूर्ण कोरडवाहू. ज्वारीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुस्तकात ती ‘कमी पाण्याचे पीक’ एवढ्यावर संपते आणि तिचा खरा भूगोल बाहेर राहतो.

आमच्याकडे मृगाच्या पावसावर ज्वारी पेरत नाहीत. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळाभर रान मोकळे ठेवून कुळवाच्या पाळ्या घालायच्या, पाणी जिरू द्यायचे आणि भाद्रपद-आश्विनात, परतीच्या पावसाचा अंदाज घेऊन पेरणी करायची. पुढे थंडीत एकही पाऊस झाला नाही तरी खालच्या ओलीवर पीक उभे राहते. म्हणजे जमीन हीच आमची पाण्याची टाकी, आणि ती जितकी खोल तितके पीक खात्रीचे. हलक्या मुरमाड माळावर हे जमत नाही. एकाच गावात दोन रानांच्या अन्नसुरक्षेत केवढा फरक असतो, तो यातून मुलांना कळेल.

मालदांडी ज्वारीचा एम ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडला गेला आणि आजही टिकून आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. संकरित वाण दाण्याला जास्त उतरतात, तरी शेतकरी मालदांडी का सोडत नाही, हे वर्गात विचारा. उत्तर कडब्यात आहे. उंच ताटाचा कडबा जनावरांना वर्षभर पुरतो, जनावरांमुळे घरात दूध राहते, शेणखत राहते, आणि अडीनडीला कडबा विकून रोख पैसेही येतात. एका पिकावर माणूस आणि जनावर दोघेही जगतात. हेक्टरी क्विंटलचा आकडा सांगून हे समजणार नाही.

तरीही ज्वारीचे क्षेत्र घटत चालले आहे, आणि त्याचे कारण पावसात शोधू नये. काढणीला माणूस मिळत नाही. ज्वारी हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची, मळायची. हे काम कंबर मोडणारे आहे आणि त्याची मजुरी दाण्याच्या भावात बसत नाही. दाणा भरू लागला की राखण करावी लागते ती वेगळीच. शहरात भाकरीला मान वाढला आहे, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. पण बांधावरची अडचण यंत्राची आणि मजुरीची आहे, ती सुटल्याशिवाय पेरा वाढणार नाही.

आणखी एक. पूर्वी जमिनीत पेव खणून ज्वारी साठवत. काही जुन्या वाड्यांत बळद, म्हणजे धान्य साठवायची बंदिस्त जागा, अजून दिसते. ‘स्थैर्य’ हे चौथे अंग शिकवताना मुलांना ते प्रत्यक्ष दाखवावे.

भीमाकाठ

मी पंढरपूर तालुक्यातला ऊस उत्पादक आहे. मूळ लेख समतोल आहे, परंतु पाण्याचा हिशेब एवढाच वर्गात मांडला गेला तर उसाचा शेतकरी हाच दुष्काळाचे कारण, असे चित्र मुलांसमोर उभे राहील. त्याच वर्गात आमची मुलेही बसतात, म्हणून लिहिणे भाग आहे.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याआधी आमच्या घरातली माणसे बहात्तरच्या कामांवर खडी फोडायला जात होती. कालव्याचे पाणी आल्यावर ऊस का लावला, याचा हिशेब साधा आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी (केंद्र सरकार ठरवते तो किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होती. ती मिळायला उशीर होतो, तिच्यासाठी आंदोलनेही करावी लागतात, पण ऊस घेणारा कारखाना ठरलेला असतो आणि दराला कायद्याचा आधार असतो. त्याच वर्षी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये जाहीर झाला. पण त्या भावाने माझी सगळी ज्वारी घेईल असा ठरलेला गिऱ्हाईक नाही, बाजारात त्या दिवशी जो दर निघेल तो घ्यायचा. बाई, आपण ‘पोहोच’ म्हणता, ती शेतकऱ्याच्या घरातही रोख पैशातूनच येते. उसाच्या बिलातून आमच्या घरी डाळ, तेल, दवाखाना आणि मुलींचे शिक्षण चालते.

पाण्याची चर्चा जरूर व्हावी, त्यात कसूर नको. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत साठ्यात, म्हणजे एरवी न वापरायच्या तळाच्या पाण्यात मोडतो, हे मुलांना सांगावे. म्हणजे धरण ‘उणे’ पातळीत गेले ही बातमी त्यांना कळेल. ठिबकखालचा ऊस आणि मोकाट पाण्यावरचा ऊस यांत किती अंतर आहे, तेही दाखवावे. आमच्या भागात पुष्कळांनी ठिबक केले आहे.

आणि उसाच्या फडात ज्यांची अन्नसुरक्षा सर्वांत कच्ची असते, ते शेतकरीही नाहीत. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात त्या उन्हाळा लागेपर्यंत राहतात. पालावर पहाटे अंधारात चूल पेटते, त्या वेळी थापलेल्या भाकरी दिवसभर पुरवायच्या असतात. त्यांचे रेशनकार्ड गावी, अंगणवाडी गावी, शाळा गावी. स्थलांतर आणि अन्न यांचा संबंध शिकवायचा असेल तर हे उदाहरण आपल्या शिवारातच आहे.

कृष्णमृत्तिका

भीमाकाठ, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य. पाण्याच्या हिशेबाला लागूनच दराचा हिशेब ठेवते, म्हणजे शेतकरी पीक कसे निवडतो हे मुले दोन्ही बाजूंनी तपासतील. तोडणी कामगारांचे उदाहरण तर आखणीत हवेच.

कोरडवाहू, जमिनीची खोली आणि कडबा हे दोन्ही मुद्दे मी ‘मृदा’ आणि ‘पशुपालन’ यांच्याशी जोडणार आहे. आपण वेळ अमावस्येचा उल्लेख केला नाहीत. अक्कलकोट आणि सीमेकडच्या गावांतली माझी मुले त्या दिवशी रानात कोपीत पूजा करून आंबील आणि भज्जी खाऊन येतात. रब्बीचे पीक ऐन भरात असतानाचा तो सण आहे, आणि ऋतुचक्र शिकवायला त्याहून चांगला दिवस मला दिसत नाही.

रास्तभाव

मी पुरवठा विभागातून निवृत्त झालो आहे. रेशनचा हिशेब वर्गात येणार याचा मनापासून आनंद वाटला, कारण शिक्षित घरांतही या व्यवस्थेबद्दल फार कमी माहिती असते. काही बाबी जोडतो.

आपण ‘प्राधान्य कुटुंब’ घेतले आहे. त्याशिवाय अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांचा गट आहे, त्यात माणसे कितीही असली तरी कार्डावर महिना ३५ किलो मिळते. म्हणजे सात माणसांच्या घरी दोन्ही गटांत धान्य सारखेच. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरी मात्र ३५ आणि १० किलो एवढे अंतर पडते. हे गणित मुलांकडून जरूर करून घ्या. कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत दिले जाते.

लाभार्थी कोण, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. देशपातळीवर कायद्याने ग्रामीण भागातले ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातले ५० टक्क्यांपर्यंत लोक धरले आहेत. महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, सुमारे ७ कोटी आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर लोकसंख्या वाढली, घरे विभक्त झाली, पण इष्टांक तिथेच राहिला. प्राधान्य गटासाठी आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठरवली गेली. शहरात महिन्याला पाच हजारही न मिळवणारे घर किती असेल आणि ते कसे जगत असेल, याचा विचार नववीच्या मुलांनी करायला हवा. जनगणना ही भूगोलाची नेहमीची सामग्री आहे. ती लांबली तर कोणाच्या ताटावर परिणाम होतो, हे इथे स्पष्ट दिसते.

नकाशाचे काम हवे असेल तर रेशनच्या गव्हाचा प्रवास काढायला सांगा. पंजाब, हरियाणा किंवा मध्य प्रदेशात खरेदी, भारतीय अन्न महामंडळाचे गोदाम, रेल्वेची मालगाडी, मग शासकीय गोदाम, तिथून द्वारपोच योजनेच्या गाडीने रास्त भाव दुकान. महिन्याचे नियतन (मंजूर धान्य) किती, उचल किती झाली, वाटप किती झाले, हे तीन आकडे नेहमी वेगळे असतात आणि त्यांच्यातल्या फरकात पुष्कळ काही कळते. अन्न महामंडळ १९६५ साली सुरू झाले, त्या काळात आपण पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली तिथल्या गव्हावर अवलंबून होतो, हा धागाही तिथे जुळतो.

शेवटची गोष्ट मी दुकानांच्या तपासणीत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. ई-पॉस यंत्रावर अंगठा लावल्याशिवाय धान्य मिळत नाही. सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळतात. वर्षानुवर्षे तेंदूपान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. बाई अंगठा लावते, यंत्र नाकारते, ती पदराला बोट पुसून पुन्हा लावते, मग दुसरे बोट, मग तिसरे. दुसऱ्या मार्गाने वाटप करण्याची तरतूद आहे, परंतु तिची माहिती द्यायला दुकानदाराने मनावर घ्यावे लागते, नाहीतर त्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. दुकान घरापासून चार पावलांवर, धान्य दुकानात, नाव यादीत, आणि तरी पिशवी रिकामी. ‘पोहोच’ शिकवताना हे सांगावे.

अक्षवृत्त

दहावीला आपल्याकडे भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आहे. हा विषय त्यात चपखल बसतो, तरी तो तिथे कोणी घेत नाही याचे मला वाईट वाटते. कॉफी, सोयाबीन, साखर यांच्या निर्यातीत ब्राझील जगात आघाडीवर आहे. शेतमालाने भरलेली जहाजे त्याच्या बंदरांतून सतत बाहेर पडतात, आणि त्याच देशात भूक हा मोठा राजकीय प्रश्न राहिला आहे. बाई, आपण सुरुवातीला भारताबद्दल जे लिहिले तेच तिथेही दिसते.

२००३ साली अध्यक्ष लुला दा सिल्वा यांच्या सरकारने ‘शून्य भूक’ हा कार्यक्रम हाती घेतला. गरीब कुटुंबांच्या हाती थेट रक्कम, शाळेत जेवण आणि लहान शेतकऱ्यांकडून खरेदी असे त्याचे अनेक पदर होते. २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के भाग कुटुंबाच्या श्रमावर चालणाऱ्या लहान शेतीकडून खरेदी करण्यावर खर्च करणे बंधनकारक झाले. २०१४ साली ब्राझील संयुक्त राष्ट्रांच्या भूक-नकाशातून बाहेर पडला, पुढे पुन्हा त्यात आला, आणि २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडला. पीक त्या काळात एकंदरीत वाढतच होते. बदलली ती धोरणे आणि लोकांची मिळकत. हा चढउतार फळ्यावर काढला की ‘स्थैर्य’ वेगळे शिकवावे लागत नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकात ईशान्य ब्राझीलमधला ‘अवर्षण चतुष्कोन’ आहे. मी तो शिकवताना सांगोला-मंगळवेढ्याचा नकाशा शेजारी ठेवतो. उच्चभूमीमुळे पर्जन्यछाया, बेभरवशाचा पाऊस, कामासाठी बाहेर पडणारी माणसे. साम्य मुलांना आपोआप दिसते. तिथे घरोघरी पावसाचे पाणी साठवणाऱ्या दहा लाख टाक्या बांधण्याचा कार्यक्रम २००३ च्या सुमारास सुरू झाला. सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात श्रमदानातून तळे उभे केल्याची परंपरा गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी आठवली जाते, त्यामुळे दुष्काळी मुलखातल्या पाणीसाठ्याचा विषय मुलांना परका वाटत नाही.

शालेय आहाराचा ब्राझीलचा नियम सांगून एक प्रश्न जरूर विचारा: ज्वारीच्या या जिल्ह्यात शाळेत तांदळाची खिचडीच प्रामुख्याने का शिजते? खरेदी, साठवण, शिजवण्याचा वेळ, भाव असे किती तरी मुद्दे त्या चर्चेत येतात.

पूर्वभाग

माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेले. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर होते. रास्तभाव यांनी बोटांबद्दल लिहिलेले वाचून थांबलो, कारण ती बोटे मी रोज पाहिली आहेत. दोन सूचना करायच्या आहेत आणि दोन्ही मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली अशी, की ‘काल घरी काय जेवलात ते लिहा’ किंवा ‘घरी कोणते रेशनकार्ड आहे’ असे वर्गात कोणत्याही स्वरूपात विचारू नये. उद्देश चांगला असला तरी ज्याच्या घरी काल फक्त भाकरी आणि शेंगाचटणी होती तो मुलगा वरण-भात-भाजी लिहितो, आणि मग त्या तासात तो शिकत नाही, फक्त स्वतःला सांभाळतो. ताटाचा हिशेब काल्पनिक कुटुंबांवर करावा. महिन्याच्या शेवटी काय कमी होते, हा आपला प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर कोणाच्या घरातून येऊ नये, दिलेल्या कुटुंबाच्या जमाखर्चातून यावे. आजी-आजोबांच्या मुलाखतींचे तसे नाही. बहात्तरच्या आठवणी सांगताना त्या पिढीला अभिमान वाटतो, कारण तो काळ सगळ्या गावाने मिळून काढला होता. आजच्या घरातली ओढाताण मात्र एकेका घराची असते आणि मूल ती दडवते.

दुसरी सूचना आपल्याच वर्गाबद्दल आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात पाचवीपर्यंत ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीला ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरवले गेले. नववीत गेल्यावर ते ताट बंद होते, आणि वाढीच्या दृष्टीने, विशेषतः मुलींच्या रक्तक्षयाचा विचार केला तर, तीच वर्षे सर्वांत नाजूक असतात. आपण ज्या मुलांना अन्नसुरक्षा शिकवणार आहात, त्यांच्यापैकी काहींचे दुपारचे जेवण नुकतेच सुटलेले असेल. तास दुपारच्या सुट्टीच्या आधीचा आहे की नंतरचा, एवढे तरी पाहावे.

आणि सकस अन्नाच्या उदाहरणांत आपल्या गल्ल्यांतल्या बायकांचा उद्योग विसरू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे मुळात प्रवासाला आणि कामावर नेण्याचे, टिकणारे अन्न. आज कित्येक बचत गटांतल्या स्त्रिया ते करून बाहेरगावी पाठवतात. भाकरी कडक होईपर्यंत तव्यावर आणि आचेशेजारी वाळवली की पाणी निघून जाते आणि ती पुष्कळ दिवस टिकते. ‘उपयोग’ आणि ‘साठवण’ दोन्ही त्यात आहेत, आणि त्या बाईच्या हातात पैसाही येतो.

कृष्णमृत्तिका

पूर्वभाग, आपली पहिली सूचना आखणीच्या सुरुवातीलाच लिहून ठेवली आहे. वर्गात चार काल्पनिक कुटुंबांची कार्डे देईन: विडी आणि यंत्रमागावर चालणारे शहरातले घर, मंगळवेढ्याचे कोरडवाहू घर, भीमेकाठचे उसाचे घर आणि तोडणीला आलेले बीडकडचे जोडपे. प्रत्येक गटाला तेच वर्ष द्यायचे, त्यात परतीचा पाऊस चुकतो, डाळीचे भाव वाढतात, आणि एका घरात आजारपण येते. कोणते घर कुठे अडते आणि कोणत्या आधारावर सावरते, हे गटाने नकाशावर आणि जमाखर्चात दाखवायचे. तोडणीच्या जोडप्याला रेशनकार्डाची पोर्टेबिलिटी, म्हणजे दुसऱ्या गावच्या दुकानातून धान्य घेण्याची सोय, वापरता येईल का, हा प्रश्नही त्यांच्या कार्डावर लिहिते. ब्राझीलचा भाग दहावीसाठी राखून ठेवते.

तासाची वेळ बदलून सुट्टीनंतरची मागितली आहे. नववी-दहावीला शाळेत काही खायला देता येईल का, याबद्दल मुख्याध्यापकांशी आणि पालकसभेत बोलणार आहे. प्रकल्पापेक्षा ते काम अधिक निकडीचे आहे.

क्षेत्रभेटीसाठी कोरडवाहू यांना विचारते: मार्गशीर्षाच्या शेवटी मुलांना आपल्या रानात आणले तर चालेल का?

कोरडवाहू

आनंदाने या. पौषाचा पहिला पंधरवडा अधिक बरा, हुरडा तेव्हा लागलेला असतो आणि कणीस दुधात असताना व भरताना असे दोन्ही दिसते. मुलांबरोबर एक कुदळ आणि मोजपट्टी पाठवा. रानाच्या कडेला दोन-अडीच फूट खड्डा घेऊ, वरची माती कोरडी असते आणि हातभर खाली गेल्यावर मुठीत लाडू वळेल एवढी ओल लागते. तिथून शेजारच्या मुरमाड माळावर जाऊन तसाच दुसरा खड्डा घेऊ आणि दोन्ही ठिकाणची मापे मुलांनी वहीत टिपावीत. आमच्या वाड्यातले बळदही दाखवतो, आत एका वेळी दोघेच उतरू शकतात, तेव्हा गट लहान करावे लागतील. भाकरी आणि हुरड्याचे आम्ही पाहू, मुलांना डबे आणायला सांगू नका.